उत्तरेचं फाटक

१

उना आत्याची वळकटी नीट गुंडाळून ठेवलेली होती. तिची कॅनव्हासची पाण्याची पिशवी मात्र झाडाच्या फांदीला तशीच लटकत होती, काठोकाठ भरलेली.

ती पिशवी बघून लॉर्ना ट्रेव्हारो जागीच थिजली. या मुलुखात माणूस एक वेळ बूट विसरेल, पण पाणी विसरून रानात पाऊल टाकणार नाही. आणि आत्या तर नाहीच नाही. टेलबी गावच्या शाळेत इतिहास शिकवायची तेव्हा ती मुलांना पाण्याशिवाय मैदानावरसुद्धा सोडत नसे.

"आत्या!"

हाक हेन्श्केंच्या पडक्या घरावर आपटून परत आली. नुसत्या दगडी भिंती उरल्या होत्या, आणि खिडक्यांच्या जागी आभाळाचे चौकोन. शंभर वर्षांपूर्वी हेन्श्के कुटुंब इथे गहू पिकवायला आलं आणि एका मोठ्या दुष्काळात, पाणी शोधायला निघालं असताना, वाटेतच संपलं. आईबाप आणि त्यांची लहान मुलं, सगळीच. त्या घराची मोजमापं घ्यायला टेलबीच्या इतिहास मंडळातले पाच जण काल इथे मुक्कामाला आले होते.

मार्च संपत आला होता. इथला उन्हाळा डिसेंबरात सुरू होतो, तो आता ओसरला असेल या हिशेबाने त्यांनी तारीख ठरवली होती, पण उन्हाळ्याला ते कुणी कळवलेलं नव्हतं. सूर्य अजून टेकडीआड होता, तरी दगड कोमट लागत होते.

उत्तरेच्या फाटकापलीकडे गुरं हंबरत होती. सगळा कळप तारांना रेटून उभा होता. त्या आवाजानेच लॉर्नाला जाग आली होती.

मर्व्ह क्विल चुलीवर डब्यात चहा उकळत बसला होता. मर्व्हने उभ्या आयुष्यात मेंढ्यांची लोकर कातरली, आणि म्हातारपणी त्याला जुन्या बाटल्या जमवायचा नाद लागला होता. "अगं, कशाला कोकलतेस? गेली असेल एखाद्या भिंतीशी गप्पा मारायला. माणसांपेक्षा दगड बरे वाटतात तिला."

"तिचं पाणी इथंच आहे, मर्व्ह."

मर्व्हने डबा खाली ठेवला. त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं ते दिवसभर परत आलं नाही.

त्यांनी दिशा वाटून घेतल्या. "दक्षिणेला मी बघतो," डेस पेंगिली म्हणाला आणि टोपी चढवून निघालासुद्धा. मर्व्ह पश्चिमेला गेला, विल्मा पडक्या घरात शिरली; उत्तरेला तारांशी गुरं दाटली होती, तिकडे कुणी गेलं नाही. लॉर्ना पूर्वेच्या टेकाडावर चढली. वरून दिसलं ते सगळं लाल माती आणि खाऱ्या जमिनीतली खुरटी झुडपं. ती हाका मारत राहिली. घसा कोरडा पडला तेव्हा तिला कळलं, आपण घोटभर पाणी पिऊन निघालोय आणि तरीही ही गत आहे. आत्या तर सत्तरी उलटलेली.

ती परत आली तेव्हा डेस दक्षिणेच्या वाटेवरून धापा टाकत येत होता. त्याच्या हातात आत्याची टोपी होती.

२

"वाटेच्या कडेला झुडपात अडकली होती," डेस म्हणाला. "उन्हाची भोवळ आली असेल. माणसं अशा वेळी टोप्या, कपडे काढून फेकतात आणि चालत सुटतात. हेन्श्केंचंही तसंच झालं. चला, तिन्ही गाड्या काढा. सगळेच दक्षिणेला जाऊ."

टोपीशिवाय, पाण्याशिवाय, या उन्हात! ती गाडीकडे धावली.

"थांबा," विल्मा नोस्के म्हणाली.

विल्माने आयुष्य सरकारी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासण्यात घालवलं होतं. बोलायची कमी, तेही हळू. ती 'असावं' म्हणाली की टेलबीतले लोक 'आहे' असं समजत. आता तिने टोपी हातात घेऊन उलटीपालटी केली, बोट फिरवून बघितलं आणि म्हणाली, "मला जागा दाखव, डेस."

"अगं बाई, एकेक मिनिट..."

"चुकीच्या दिशेला गेलो तर दिवस जाईल. जागा दाखव."

ती जागा फार लांब नव्हती. विल्मा वाटेच्या मध्यभागी उकिडवी बसली. रात्रभर सोसाट्याचा वारा होता. त्याने वाटेवर धुळीची पातळ, सारखी साय पसरली होती. तिच्यावर डेसच्या बुटांचे ठसे होते, जातानाचे आणि येतानाचे, अगदी खिळ्यांसकट. दुसरं काही नव्हतं.

"वारा कधी पडला, लॉर्ना?"

"पहाटे. उजाडायच्या आधी." आणि मग लॉर्नाला आठवलं. "आत्या त्यानंतरच उठली. मी अर्धवट झोपेत होते. वारा पडून सगळं चिडीचूप झालं होतं, आणि ती बूट दगडावर आपटत होती. आत कोळी-बिळी असेल म्हणून रोज आपटते."

"म्हणजे तिचे ठसे या धुळीवर उमटायला हवे होते," विल्मा म्हणाली. "टोपीवरही धूळ नाही. ही टोपी इथे आलेली आहे, उना आलेली नाही."

लॉर्नाला आधी अर्थ लागला नाही. लागला तेव्हा भर उन्हात तिच्या अंगावर काटा आला. आत्या वाट चुकलेली नव्हती. तिला कुणीतरी नेलं होतं, आणि त्या कुणीतरी आपल्याला उलट्या दिशेला धाडायचं ठरवलं होतं.

"ही गुरं ज्या कुरणाची, त्याचा मॅनेजर असेल," डेस घाईने म्हणाला. "मागच्या महिन्यात त्याने आपल्याला फोनवर शिव्या घातल्या होत्या, पडक्या घरांत भटके नकोत म्हणून. पहाटे येऊन गेला असेल."

"असेल," विल्मा म्हणाली. तिने टोपी लॉर्नाच्या हातात दिली.

३

मुक्कामावर परतताना लॉर्नाला तिघांकडे बघवेना. मदत मागायची तर कुरणाच्या मॅनेजरच्या घरी जायला हवं, तिथे संदेश पाठवायचा रेडिओ होता, पण जाऊन येण्यात दुपार झाली असती. तोवर आत्या? आई गेल्यावर हिनेच लॉर्नाला वाढवलं होतं. तिच्याशिवाय लॉर्नाला जगात कुणी नव्हतं.

गुरांचा गलका वाढला होता. "बिचारी तहानलीत," लॉर्ना म्हणाली. "त्यांचा हौद आपल्या बाजूला आहे. मी फाटक उघडते."

"हात लावू नकोस," विल्मा म्हणाली. "थोडा वेळ सगळं आहे तसंच राहू दे." मग ती मर्व्हकडे वळली. "काल दुपारी तुझं आणि उनाचं काय वाजलं?"

मर्व्ह लाल झाला. "मी चुलीमागं उकरत होतो. एक बाटली सापडली, निळी, सुरेख. ती म्हणाली, जिथं होती तिथं पुरून टाक, मेलेल्यांच्या घरात चोऱ्या करतोस. मी तिला म्हातारी घोरपड म्हणालो." त्याने नाक ओढलं. "पण पुरली मी ती. तिला विचारा... म्हणजे, सापडल्यावर विचारा."

"आणि तू, डेस? संध्याकाळी ती तुला घरात बाजूला घेऊन गेली होती."

"मोजमापं दाखवत होती."

"तू जेवला नाहीस त्यानंतर," लॉर्ना म्हणाली. हे आपल्याला आत्ता का आठवलं, ते तिलाही कळलं नाही.

"पोट बिघडलं होतं. मर्व्हचा निखाऱ्यातला पाव खाल्ला की बिघडतंच." डेस हसला. बाकी कुणी हसलं नाही. "लॉर्ना, मला काळजी नाही असं वाटतं का तुला? उनाने मला शिकवलंय. पुढच्या महिन्यात आमच्या पणजोबांच्या पुतळ्याचं अनावरण, भाषण तीच करणार आहे."

हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. दुष्काळात थोरल्या पेंगिलीने आपल्या टाकीतलं शेवटचं पाणी हेन्श्केंच्या मुलांना पाजलं, असं टेलबीत लहान मुलंही सांगत. पुतळ्याच्या हातात बादली होती. समितीचा अध्यक्ष डेस होता.

विल्माने चहाचा पेला भरून डेसच्या हातात दिला. "मला एकच सांग. काल तू आमच्या मागून आलास. तेव्हा उत्तरेचं फाटक कसं होतं?"

"बंद."

"नक्की?"

"म्हणजे काय! मी उघडलं, गाडी आत घेतली, परत लावलं, साखळी अडकवली. मी काय शहरातला पाहुणा आहे का? फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं, हे मी चालायच्या आधी शिकलोय."

"हो," विल्मा म्हणाली. "मला तेच ऐकायचं होतं."

लॉर्नाने मान वळवून बंद फाटकाकडे बघितलं.

४

"आम्ही काल दुपारी आलो तेव्हा ते फाटक सताड उघडं होतं," विल्मा म्हणाली. "तारेने खांबाला बांधलेलं. गुरांना हौदाकडे यायची तीच वाट आहे. उनाने मुद्दाम गाडीतून उतरून तार बघितली आणि तसंच ठेवलं. मर्व्हची गाडी मागेच होती, त्यानेही बघितलं."

"पण मी तर बंदच..." डेस थांबला.

"मी लावलं होतं ते," लॉर्ना म्हणाली. तिचा आवाज तिलाच परका वाटला. "एक गाय मर्व्हच्या तंबूवर चढली, म्हणून. थोड्या वेळापुरतं. तू त्याच वेळी आलास. जेवणाच्या आधी मी ते परत उघडलं, तारेने बांधलं. तेव्हा तू आत्याबरोबर घरात होतास."

विल्मा डेसकडे बघत होती, प्रयोगशाळेतल्या काचेच्या नळीकडे बघावं तसं. "रात्री फाटक उघडं होतं. सकाळी बंद, साखळीसकट. पहाटे कुणीतरी तिथून गेलं आणि परत येताना ते लावून घेतलं. उना लावणार नाही. मी, मर्व्ह, लॉर्ना, कुणीच लावणार नाही. आम्हाला ते उघडं सापडलं होतं. मॅनेजर तर अजिबात नाही, त्याचीच गुरं मरतील. या रानात ते फाटक बंद असायला हवं असं वाटणारा माणूस एकच आहे."

मर्व्ह उठून उभा राहिला.

"तुला ते उघडं दिसलं," विल्मा म्हणाली. "तुला वाटलं, रात्री कुणीतरी निष्काळजीपणे उघडं टाकलं. अशा वेळीसुद्धा तुझ्या हाताला राहवलं नाही. तुझ्या जागी शहरातला माणूस असता तर सापडला नसता."

"फाटकावरून माणसाला फासावर चढवणार का?" डेसने पेला खाली ठेवला.

"पाण्याची पिशवी झाडाला आहे. उना पाण्याशिवाय निघेल कधी? बरोबरचा माणूस 'पाणी मी घेतलंय' म्हणाला, तरच. तुझी पिशवी रिकामी का आहे, डेस? काल झोपताना भरलीस ती मी बघितली."

मर्व्हने डेसची कॉलर धरली. "कुठंय ती? बोल!"

"मला काही माहीत नाही."

"डेस," लॉर्ना म्हणाली. तिने त्याच्यासमोर गुडघे टेकले. सकाळी याच माणसाने तिच्या खांद्यावर हात ठेवून 'सापडेल गं' म्हटलं होतं. "डेस, तुझ्या पाया पडते. ती जिवंत आहे का एवढं तरी सांग."

डेसने मान फिरवली. "सांगितलं ना. माहीत नाही."

तेव्हा लॉर्नाला खरी भीती वाटली. सगळं सिद्ध होऊनही काही हातात नव्हतं. त्याला आता खोटंसुद्धा बोलायला नको होतं. संध्याकाळपर्यंत नुसतं गप्प बसलं की पुरे होतं. उत्तरेला पेंगिलींची जुनी जमीन होती, पण ती नजर पोचेल तिथपर्यंत पसरलेली, आणि तिच्यावर एक भिंतसुद्धा उभी नव्हती. फाटकापाशी गुरांनी माती अशी तुडवली होती की माणसाचा ठसा शोधणं वेडेपणा होता.

ऊन डोक्यावर येत चाललं होतं. चुलीत एक लाकूड फुटलं आणि लॉर्ना दचकली. इतका बारीक आवाज इतका मोठा का वाटावा?

मग तिच्या लक्षात आलं. गुरं हंबरायची थांबली होती.

५

फाटकाशी एकही जनावर उरलं नव्हतं.

"तहानलेलं जनावर हौदाजवळून हलत नाही," मर्व्ह म्हणाला. "त्याला दुसरीकडे पाण्याचा वास आला असेल, तरच जाईल. पण इथं दुसरं पाणीच नाही. ओढा कधीचा वाळून खडखडीत झालाय."

विल्माने डेसकडे बघितलं. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"गाडी काढ," ती म्हणाली.

डेसला मागच्या सीटवर बसवून ते गुरांच्या मागावर निघाले. ओढ्याच्या वळणावर त्यांना धूळ दिसली, मग पाठी. सगळा कळप एका बारक्या उंचवट्याभोवती आणि उंचवट्यावर दाटला होता. माना खाली, नाकं जमिनीला. पुढची मागच्यांच्या रेट्याने वर चढत होती.

"तो उंचवटा नव्हे," विल्मा हळूच म्हणाली. "तो घुमट आहे. जमिनीखालच्या टाकीचं छप्पर. दगड आणि चुना."

"शंभर वर्षांचा चुना?" मर्व्ह म्हणाला. "आणि वर दहा-बारा गायी?"

लॉर्ना दार उघडून धावली. मर्व्हने तिला मागे खेचलं. "बिथरली तर सगळी एकदम उडतील आणि छप्पर खाली जाईल! मला करू दे."

तो टोपी हातात घेऊन, तोंडाने बारीक शीळ घालत, बाजूने चालत गेला. जणू त्याला कसलीच घाई नव्हती. लॉर्ना दोन्ही मुठी तोंडावर दाबून बघत राहिली. कडेची एक गाय वळली. मग दुसरी. एका वासराचा पाय दगडांत रुतला आणि कुठेतरी खाली, पोकळीत, काहीतरी धपकन पडलं. वासराने पाय सोडवला आणि ते आईमागे पळालं. कळप नाइलाजाने मागे सरकला. मर्व्ह त्याच्या आणि घुमटाच्या मधे हात पसरून उभा राहिला.

घुमटाच्या कडेला लोखंडी झाकण होतं, वर ताजे ठेवलेले दगड. बाजूला झुडपात एक लाकडी शिडी फेकलेली होती. दोघींनी दगड लोटले, झाकण ओढलं.

आतून गारवा आला, ओलसर, शेवाळाचा. खाली नुसता काळोख होता.

"आत्या?"

लॉर्ना कडेवर पालथी पडली आणि तिने डोकं आत घातलं.

"आत्या, मी आलेय गं!"

खाली पाण्यात काहीतरी हललं.

"लॉर्ना," घोगरा, दमलेला आवाज आला. "आधी त्या जनावरांना हटव. माझ्या डोक्यावर छप्पर पाडतायत."

६

शिडी लावून त्यांनी तिला वर काढलं. कमरेपर्यंत भिजलेली, ओठ निळे, कपाळावर खरचटलेलं. या उन्हात ती थंडीने थडथडत होती. लॉर्नाने तिला मिठी मारली आणि सकाळपासून अडकलेलं रडू एकदम फुटलं.

"पुरे गं, बरगड्या मोडशील," उना आत्या म्हणाली. पण तिनेही लॉर्नाला सोडलं नाही.

"काल तू त्याला टाकीबद्दल का सांगितलंस?" विल्माने विचारलं.

"त्याच्या घराण्याची गोष्ट होती. सगळ्या गावासमोर कळण्याआधी त्याला एकट्याला कळावी, असं वाटलं." आत्याचे दात वाजत होते. "मागच्या खेपेला मला ही टाकी सापडली होती. त्याला म्हटलं, भाषण करायच्या आधी तू स्वतः बघ. तोच म्हणाला, पहाटे गारव्यात जाऊ, पाणी मी घेतो. मी टोपी काढून आत उतरले, पाण्यात हात घालून बघितलं आणि वर हाक मारली, डेस, तळाशी झरा आहे रे! आणि शिडी वर गेली."

"झरा," विल्मा म्हणाली. ती वाकून आत बघत होती.

"म्हणजे टाकी कधी आटलीच नव्हती. झाकणाच्या कडेला बघ, कुलपाची कडी अजून आहे. शेवटचं पाणी पाजलं म्हणे! हेन्श्केंची मुलं या झाकणावरून चालत गेली असतील, आणि खाली पाणी होतं." ती जरा थांबली. "मी अंधारात उभी होते ना, सारखं तेच मनात येत होतं. मुलं वर आहेत आणि मी खाली."

तिला परत हुडहुडी भरली. लॉर्ना ब्लँकेट आणायला गाडीकडे धावली.

डेस मागच्या सीटवर होता तसाच बसला होता. किल्ली विल्माच्या खिशात होती आणि चहूकडे रान, त्याला बांधायची गरज पडली नव्हती. गुरांच्या धुळीमुळे त्याला टाकी दिसत नसावी.

"लॉर्ना," तो म्हणाला. त्याचे ओठ फुटले होते. "आजोबा मरताना म्हणाले होते, त्या झाकणाला कधी हात लावू नकोस. मी फक्त... मला विचार करायला थोडा वेळ हवा होता. मी संध्याकाळी परत जाणारच होतो. शपथ." लॉर्ना त्याच्या बाजूचं ब्लँकेट ओढत होती. "लॉर्ना, ती आहे का?"

सकाळी हाच प्रश्न तिने गुडघे टेकून त्याला विचारला होता. तिने त्याच्याकडे नीट बघितलं. तो घाबरला होता, अगदी आतपर्यंत घाबरला होता, पण कुणासाठी ते तिला सांगता आलं नसतं.

"उतर," ती म्हणाली, "आणि स्वतः जाऊन बघ."

तो उतरला नाही. समोरच्या सीटची कड त्याने इतकी घट्ट धरली की नखं पांढरी पडली. धुळीपलीकडून उना आत्याचा आवाज आला. घुमटावर पाय ठेवला म्हणून ती मर्व्हला फैलावर घेत होती, घोगऱ्या पण खणखणीत आवाजात, वर्गात घ्यायची तशीच.

डेसने दोन्ही हातांनी कान झाकून घेतले.